‘कसं ठरवलंस?’ एवढं विचारा

पालकहो,

पाचवीत अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा सुरू झाला की शाळेच्या फाटकाशी कुणी ना कुणी मला गाठतंच. ‘‘बाई, तीन छेद चार मोठा की पाच छेद आठ, एवढंही सांगता येत नाही पोराला. दुकानातून पाव किलो साखर, अर्धा किलो कांदे बरोबर आणतो की हो!’’ विचारणाऱ्यांत गोदामात माल चढवणारे असतात, भिवंडीत मागावर रात्रपाळी करून आलेले असतात, घरची भातशेती सांभाळून पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या आया असतात. हायवेला गाड्या अडकायच्या आत कामावर पोचायची घाई असते. अशा वेळी ‘शिकवतेय मी, होईल’ एवढंच बोलून मी वर्गात वळते आणि मनाला रुखरुख लागून राहते. तुमच्या प्रश्नामागे काळजी आहे आणि तिचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून आज जरा निवांत बोलू.

मनापासून सांगायचं ते असं. तुमचं मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा बहुतेक वेळा ते अंदाजपंचे नसतं. त्याने काहीतरी ठरवलेलं असतं आणि ते ठरवणं त्याच्यापुरतं तर्काला धरून असतं. तो तर्क आपण ऐकलाच नाही, तर वहीतलं उत्तर दुरुस्त होतं आणि डोक्यातला विचार जागच्या जागी राहतो. पुढच्या उदाहरणात तो पुन्हा वर येतो, आणि मग आपण म्हणतो, ‘शंभरदा सांगितलं तरी कळत नाही.’

सगळ्यात साधी जोडी घ्या. १/६ आणि १/८. वर्गातली कितीतरी मुलं १/८ मोठा म्हणतात. का? कारण आठ सहापेक्षा मोठे. पहिलीपासून आम्हीच त्यांना हे शिकवलं आहे. मणी मोजले, पट्टीवर उड्या मारल्या, शंभरपर्यंत चढता-उतरता क्रम लावला. चार वर्षं आठ कायम सहाच्या पुढे होते. मग एक दिवस आम्ही एक आकडा वर लिहितो, एक खाली, मध्ये रेघ ओढतो आणि सांगतो की ही एकच संख्या आहे. मुलाला मात्र तिथे दोन संख्या दिसतात, आणि दोन संख्या दिसल्या की चार वर्षं घोटलेलं ज्ञान कामाला लागतं. १/८ मोठा म्हणणारं मूल जे शिकलं ते नीट शिकलेलं आहे. ते ज्ञान इथे लागू होत नाही, एवढंच त्याला अजून उमगायचं आहे.

यावर घरी आणि क्लासमध्ये एक झटपट उपाय सांगितला जातो: ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान, पाठ कर.’ मूल पाठ करतं. १/६ आणि १/८ लगेच बरोबर येतं, सगळे खूश. आठवड्याने मी २/५ आणि ७/८ फळ्यावर लिहिते आणि तेच मूल ठामपणे म्हणतं, २/५ मोठा. आठ पाचापेक्षा मोठे, म्हणून ७/८ लहान! त्याने पाठ केलेला नियम मनोभावे पाळला. तो नियम अंश सारखे असतील तेव्हाच खरा असतो; पाठ करवून घेताना ती अट मागे राहून गेली. बघा, चूक बदलली, पण विचार सुरूच झाला नाही. आकड्यांकडे बघून उत्तर काढायची सवय आधी होती तशीच नंतरही राहिली.

आता जरा नाजूक भाग सांगते. बरोबर उत्तरातही चूक दडलेली असते.

२/३ आणि ५/८ यांत मोठा कोणता? २/३ मोठा. वर्गातले बरेच हात बरोबर वर होतात. मी एकेकाला विचारते, ‘‘कसं ठरवलंस?’’ एक जण म्हणतो, ‘‘दोनाला तीन व्हायला एकच कमी आहे, पाचाला आठ व्हायला तीन कमी आहेत. ज्याला कमी कमी पडतं तो मोठा.’’ उत्तर बरोबर, कारण मात्र डळमळीत. मी त्याला शाबासकी देऊन पुढे गेले असते तर हा विचार पक्का झाला असता. म्हणून लगेच दुसरी जोडी देते: ३/४ आणि १७/२०. त्याच्या हिशोबाने ३/४ ला एकच कमी पडतो, १७/२० ला तीन. म्हणजे ३/४ मोठा. पण ३/४ म्हणजे १५/२०, तेव्हा १७/२० मोठा निघतो. तशीच ३/४ आणि ५/६ ची जोडी. दोन्हींना एकेकच कमी, म्हणून मुलं छातीठोकपणे सांगतात, ‘‘सारखेच.’’ ही फक्त आपल्या गावातल्या मुलांची गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात कॅथरिन पर्न आणि मॅक्स स्टीफन्स या अभ्यासकांनी तिथल्या मुलांकडून नेमका हाच विचार ऐकून नोंदवला आहे.

आणखी एक. काही मुलं वरचा आकडाही मोठा, खालचाही मोठा, म्हणून अपूर्णांक मोठा, असं ठरवतात. ३/५ आणि ७/९ दिलं तर त्यांचं उत्तर बरोबर येतं. ७/९ खरोखरच मोठा आहे. ३/४ आणि ५/९ दिलं की उघडं पडतं. म्हणजे मी कोणती जोडी देते यावर मूल हुशार ठरतं किंवा ढ ठरतं, आणि त्याचं डोकं दोन्ही वेळा तेच असतं! म्हणून माझा शिकवण्याआधीचा बराच वेळ जोड्या निवडण्यात जातो. प्रत्येक चुकीच्या विचाराला कोणत्या जोडीवर बरोबर उत्तर मिळतं आणि कोणत्या जोडीवर अडायला होतं, हे आधी माहीत असावं लागतं. वहीत दहा उदाहरणं आणि दहाही बरोबर, असं घेऊन मूल घरी येतं तेव्हा तुम्हाला आनंद होतो, तो व्हायलाही हवा. फक्त त्या दहापैकी एखाद्याबद्दल एवढं विचारा: हे कसं ठरवलंस?

तुम्हाला वाटेल, एवढं खोलात कशाला? पुढे मोबाईल आहे, कॅल्क्युलेटर आहे. एक जुनी नोंद सांगते. १९७८ मध्ये अमेरिकेत देशभरातल्या तेरा वर्षांच्या मुलांना चाचणीत विचारलं होतं की १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज अंदाजे किती येईल. पर्यायांत १, २, १९ आणि २१ हे आकडे होते. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक-एक आहेत, म्हणजे बेरीज दोनाच्या आसपास. दोन हा पर्याय निवडला १०० पैकी फक्त २४ मुलांनी. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. कुणी अंशांची बेरीज केली, कुणी छेदांची. सुसज्ज शाळांच्या देशातली, अपूर्णांकांची बेरीज शिकून झालेली मुलं ही. त्यांना रीत शिकवली गेली होती, पण १२/१३ ही केवढी संख्या आहे हे डोळ्यांपुढे येत नव्हतं. पुढे २०१२ मध्ये रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. प्राथमिक शाळेत अपूर्णांक आणि भागाकार किती समजला होता, यावरून हायस्कुलातल्या बीजगणिताचा आणि एकूण गणिताचा चांगला अंदाज बांधता येतो, असं त्यांना आढळलं. कुटुंबाची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण, मुलाची सर्वसाधारण बुद्धी हे सगळं लक्षात घेऊनही. तेव्हा पाचवीतला हा धडा मार्कांपुरता नाही. आठवीत मूल गणिताला घाबरतं, त्याची सुरुवात पुष्कळदा इथेच झालेली असते.

आता आनंदाचं सांगते, कारण आपल्या मुलांच्या डोक्यात फार सुंदर विचारही चालतात.

७/८ आणि ८/९ ही जोडी फळ्यावर होती. समच्छेद करायला कुणी वही काढली, कुणी बोटं मोजायला लागलं. एक मुलगी काहीच न लिहिता म्हणाली, ‘‘आठ छेद नऊ. दोघांतनं एकेक तुकडाच राहिलाय. पण आठातला तुकडा मोठा आणि नवातला बारीक. बारीक राहिला म्हणजे खाल्लं जास्त.’’ किती नेमकं बोलली ती! मघाच्या ‘एकच कमी’वाल्या मुलासारखाच हाही उरलेल्याचाच विचार आहे, पण तो किती तुकडे उरले एवढंच मोजत होता आणि हिने उरलेला तुकडा केवढा आहे हेही पाहिलं. दोघांमध्ये अंतर एकाच प्रश्नाचं आहे. म्हणून मी त्या मुलाला ‘तुझं चुकलं’ म्हणत नाही. ‘‘तू उरलेलं बघतोस ते छान आहे. आता सांग, उरलेला तुकडा केवढा?’’ असं विचारते. ३/४ मध्ये उरलेला तुकडा पाव आहे. १७/२० मध्ये तीन तुकडे उरलेत, पण ते विसातले तीन. पाव व्हायला विसातले पाच लागतात. एवढं त्याचं त्याने काढलं की स्वतःचंच उत्तर तो स्वतः बदलतो. चुकीचा विचार पुसून टाकावा लागत नाही, त्याला पुढची पायरी दाखवावी लागते. मघाशी मी ‘त्याचा तर्क ऐका’ म्हणाले ते यासाठीच. ऐकल्याशिवाय पुढची पायरी कोणती हे कळायचं कसं?

काही मुलांना अर्धा फार छान वापरता येतो. ३/७ आणि ५/९ मध्ये मोठा कोण? सातातले साडेतीन म्हणजे अर्धा, तर तीन अर्ध्याखाली. नवातले साडेचार म्हणजे अर्धा, तर पाच अर्ध्यावर. संपलं. गुणाकार नाही, समच्छेद नाही. साडेतीन, साडेचार हे आकडे आपल्या घरात रोज बोलले जातात, मुलांच्या जिभेवर असतात. ते गणितात वापरायची परवानगी फक्त द्यावी लागते.

मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे के. सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपूर्णांक कसे शिकवावेत यावर बरीच वर्षं काम केलं. नुसत्या रंगवलेल्या गोलांवर न थांबता वाटणी आणि मोजमाप या दोन वाटांनी अपूर्णांक मुलांपर्यंत न्यावा, असा त्यांच्या कामाचा रोख आहे. तुम्ही फाटकाशी विचारता तीच जोडी या वाटेने बघा. ३/४ म्हणजे तीन भाकऱ्या चार मुलांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारं. ५/८ म्हणजे पाच भाकऱ्या आठ मुलांत. कुणाला जास्त मिळेल? आमच्याकडच्या एका मुलाने आठ मुलांच्या चार-चारच्या दोन पंगती केल्या. पाच भाकऱ्या दोन पंगतींत, म्हणजे एकेका पंगतीला अडीच. इथे चौघांत अडीच, तिथे चौघांत तीन. ‘‘मग तीनवालेच मजेत!’’ असं म्हणून तो खाली बसला. छेद सारखा करायचा ही कल्पना त्याने स्वतःच्या डोक्याने शोधली होती, आणि तिचं पुस्तकातलं नाव त्याला अजून माहीत नव्हतं.

आता त्या तिरक्या गुणाकाराबद्दल बोलायलाच हवं. एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा, दुसऱ्याचा पहिल्याच्या, आणि ज्याचा गुणाकार मोठा तो अपूर्णांक मोठा. शिष्यवृत्तीची तयारी करून घेताना मोठी भावंडं, शेजारचे दादा, यूट्यूबवरचे सर, सगळे ही रीत आधी दाखवतात. रीत खरी आहे, ती कधीच चुकत नाही. माझं भांडण रीतीशी नाही, ती केव्हा येते याच्याशी आहे. ३/४ आणि ५/७ घेतले तर तीन साते एकवीस, पाच चोक वीस. एकवीस मोठे म्हणून ३/४ मोठा. मी विचारते, ‘‘एकवीस काय?’’ मूल माझ्याकडे बघत राहतं. एकवीस रुपये? एकवीस तुकडे? खरं उत्तर आहे, अठ्ठाविसातले एकवीस. ३/४ म्हणजे २१/२८ आणि ५/७ म्हणजे २०/२८. त्या रीतीत २८ लिहायचे राहून जातात आणि त्यांच्याबरोबर अर्थही.

आपल्याकडे हे फार पूर्वीपासून नीट सांगितलेलं आहे. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. दोन अपूर्णांकांचे छेद सारखे करायचे तर एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणावेत, असा नियम त्यात आहे. दोन्ही गुणायचे! आजची झटपट रीत त्यातला निम्माच भाग उचलते. मूल आधी हे पूर्ण करू दे, २१/२८ आणि २०/२८ लिहू दे, अठ्ठावीस कुठून आले ते सांगू दे. मग एक दिवस तेच म्हणेल, ‘‘बाई, खालचे सारखेच येणार आहेत तर लिहू कशाला?’’ त्या दिवशी ती रीत त्याच्या मालकीची झाली. त्याआधी कृपा करून घरी शिकवू नका. वाटल्यास ही माझी हट्टाची विनंती समजा.

कधी कधी मूल आपल्यापेक्षा पुढचा प्रश्न विचारतं, तोही ऐकायला हवा. १/२ मोठा की १/४? सोपं वाटतं. एका मुलाने विचारलं, ‘‘कुणाच्या जागेचा?’’ वर्ग हसला. मला मात्र फार बरं वाटलं. आपल्या वडपे गावात घराघरांत जमिनीच्या हिश्श्यांची बोलणी चालतात. माजिवडा ते वडपे रस्ता रुंद करायचं काम निघालं, समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आला, शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली. सातबाऱ्यावर कुणाचं नाव, कुणाचा किती वाटा, हे मुलांच्या कानावर पडतच असतं. एका एकरात चाळीस गुंठे. एकराचा पाव हिस्सा दहा गुंठे होतो आणि दहा गुंठ्यांच्या तुकड्याचा अर्धा हिस्सा पाचच गुंठे. म्हणजे पाव अर्ध्यापेक्षा जास्त! त्या मुलाने गणिताचा पाया विचारला होता: दोन अपूर्णांकांची तुलना करायची तर ते एकाच पूर्णाचे हवेत. पुस्तकात ही गोष्ट गृहीत धरलेली असते. वहीत मुलं दोन गोल काढतात, एक मोठा होतो, एक छोटा होतो, आणि मोठ्या गोलाचा तिसरा हिस्सा लहान गोलाच्या अर्ध्याहून मोठा दिसतो. तिथे मूल १/३ मोठा म्हणालं तर त्याचे डोळे खोटं सांगत नाहीत. चित्रच गफलत करतं. म्हणून मी गोलांपेक्षा सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या आणि संख्यारेषा जास्त वापरते. गोलाचे सात सारखे भाग मोठ्या माणसालाही सहज करता येत नाहीत.

आणि आता तुमच्याबद्दल. तुमच्यापैकी कुणी मला सांगतात, ‘‘बाई, मी चौथीत शाळा सोडली, मी काय शिकवणार?’’ तुमच्या हातात किती अपूर्णांक आहेत हे मला तुम्हाला दाखवायचं आहे.

जे बाबा शेडच्या बांधकामावर आहेत, सेंट्रिंग करतात, वेल्डिंग करतात, त्यांना सूत विचारा. एका इंचात आठ सूत. १० मिलिमीटरची सळई ती तीन सूत, १२ ची चार सूत, १६ ची पाच सूत. तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे ४/८, म्हणजेच अर्धा इंच. इंच टेप मुलाच्या हातात द्या आणि विचारा, पाऊण इंच म्हणजे किती सूत? सहा. मग पाच सूत मोठी की पाऊण इंच? ५/८ आणि ३/४ ची ही तीच जोडी, आणि तुमच्या टेपवर ती समोर दिसते. नळाचं काम करणाऱ्यांकडे अर्धा इंची, पाऊण इंची, सव्वा इंची पाइप आहेतच. ते ओळीने मांडून दाखवले तर एकाहून मोठा अपूर्णांकही मुलाला डोळ्यांनी दिसतो. पुस्तकात त्याला अंशाधिक म्हणतात आणि मुलं त्याला उगाच घाबरतात.

घरात आजी-आजोबा असतील तर फारच छान. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत, हे त्यांना माहीत असेल. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणे म्हणायची सवय पुढे कितीतरी वर्षं राहिली. जमिनीचा वाटाही आण्यांत सांगत. पाऊण रुपया बारा आणे, रुपयाचे पाच अष्टमांश दहा आणे. आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेली असेल तर त्यांना म्हणायला सांगा. आठाचे पाऊणपट सहा. ५/८ म्हणजे आठातले पाच. पाच मोठे की सहा? मूल, आजोबा आणि पाचवीचं पुस्तक एका ठिकाणी येतात. तो पाढा मुलाने पाठ करावा असा माझा आग्रह नाही. सोळा, आठ, चार असे भाग आपल्या माणसांनी का निवडले असतील, याच्या गप्पा मारा. निम्म्याचं निम्मं करत गेलं की वाटणी सोपी जाते, हे मूल बोलता बोलता पकडतं.

ज्या आया कामावरून येऊन स्वयंपाकाला लागतात, त्यांनी वेगळा वेळ काढावा असं मी म्हणणार नाही. पीठ मळता मळता एखादा प्रश्न पुरतो. उत्तर तुम्हाला माहीत असायची गरज नाही, ही गोष्ट मनावरचं ओझं उतरवून ऐका. मुलाने सांगितलेलं बरोबर की चूक, हे ठरवायला मी आहे. ‘‘मला नाही समजलं, परत सांग’’ असं आईने खरोखर न समजल्यामुळे म्हटलं की मूल जीव तोडून समजावतं, आणि समजावता समजावता पुष्कळदा स्वतःच थांबतं: ‘‘थांब गं, माझंच चुकलं.’’ शाळेत मी विचारलं तर त्याला वाटतं, बाईंना उत्तर माहीत आहे, त्या परीक्षा घेतायत. तुमच्यापाशी ती भीती नसते.

एक सांभाळा मात्र. मी वर्गात ‘‘कसं ठरवलंस?’’ म्हटलं की काही मुलांचा हात आधी खोडरबराकडे जातो. त्यांचा अनुभव असा असतो की मोठी माणसं चुकल्यावरच ‘कसं’ विचारतात. म्हणून उत्तर बरोबर आलं तरी विचारा. बरोबर आल्यावर तर जरूर विचारा. आणि विचारताना आवाज चढू देऊ नका, शेजारच्या मुलाचं नाव काढू नका, ‘मठ्ठ’ हा शब्द तर तोंडात येऊच देऊ नका. मूल गप्प राहिलं तर थोडं थांबा. ‘‘चित्र काढून दाखवतोस का?’’ ‘‘अर्ध्याच्या वर आहे की खाली?’’ ‘‘उरलेलं केवढं?’’ यांतला एखादा प्रश्न पुरतो. तरीही नाही बोललं तर राहू द्या, उद्या बघू. भांडून मिळालेलं उत्तर माझ्या काही उपयोगाचं नाही.

भाषेचंही सांगते. आपल्या वर्गात आगरी बोलणारी मुलं आहेत, कातकरी घरातली आहेत, मागाच्या आणि गोदामाच्या कामासाठी उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कुटुंबांतली आहेत. अंश, छेद, सममूल्य हे शब्द मी शिकवीन. घरी मात्र मुलाने ज्या बोलीत विचार केला त्याच बोलीत त्याला सांगू द्या. ‘वरचा आकडा’, ‘खालचा आकडा’, ‘बारीक तुकडा’ चालतं. शब्द सुधारायला गेलात की विचार अर्ध्यात तुटतो. एखादं मूल मराठीत अडखळतं म्हणून त्याला गणित येत नाही असा समज वर्गात चटकन होतो. तुम्ही घरचं ऐकून मला सांगितलंत तर तो समज वेळीच दूर होईल.

तर माझी मागणी छोटी आहे. हा धडा चालू आहे तोवर जमेल त्या दिवशी एक जोडी विचारा आणि मूल जे बोललं ते जसंच्या तसं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. लिहिणं जमत नसेल तर फोनवर त्याचाच आवाज भरून मला पाठवा. आगरीत, कातकरीत, हिंदीत, कसाही चालेल. खाली बरोबर-चूक लिहू नका, खाडाखोडही करू नका. सोमवारच्या जोड्या मी ते ऐकूनच ठरवीन. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वर्गातच बसलेली असते. ज्यांना समोर बसून बोलायचं आहे त्यांनी तेव्हा या, येताना मुलालाही आणा आणि घरात इंच टेप असेल तर तोही.